आधी चाचणी, मग गोळी

कुत्र्यांच्या आजारांत हार्टवर्मइतकं एकतर्फी गणित क्वचितच दुसऱ्या कशाचं असेल. डासाच्या दंशातून शिरलेली अळी पहिल्या महिन्याभरात मारायची, तर कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन पुरतं. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले सहा. हीच अळी वाढून फुप्फुसाच्या धमनीत स्थिरावली की तिला मारायला आर्सेनिकच्या संयुगाची इंजेक्शनं लागतात, महिनाभर अँटिबायोटिक लागतं, स्टेरॉइड लागतं आणि कुत्र्याला कित्येक महिने धावू-उड्या मारू न देता सांभाळावं लागतं. एवढं करूनही जिवाची जोखीम उरतेच. महाराष्ट्रात या आजाराबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. ‘हा आपल्याकडचा आजार नाही’ हे एक, आणि ‘अमेरिकेत देतात तशी दर महिन्याची गोळी आपणही डोळे मिटून सुरू करावी’ हे दुसरं. दोन्ही मतांत एकच उणीव आहे. कुत्र्याच्या रक्तात आज काय आहे, हे त्यांतलं कुणीच विचारत नाही. हार्टवर्मच्या बाबतीत चाचणी ही उपचाराची तयारी नव्हे. ती प्रतिबंधाचीच पहिली पायरी आहे, आणि भारतात तर ती अमेरिकेपेक्षाही जास्त गरजेची आहे.

हे पटायला या कृमीचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. डायरोफायलेरिया इमिटिस हे त्याचं शास्त्रीय नाव. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्याचा प्रसार डासांमार्फत होतो हे १९०० साली इटलीच्या ग्रासी आणि नोए यांनी दाखवलं. नावात हृदय असलं तरी त्याचं मूळ घर फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत असतं. गर्दी वाढली की तो मागे हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत येतो. पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब, शेवईसारखी दिसते आणि कुत्र्याच्या अंगात पाच ते सात वर्षं जगते. ती रक्तात सूक्ष्म पिल्लं सोडते, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डास रक्ताबरोबर ती पितो. हवा उबदार असेल तर डासाच्या शरीरात साधारण दोन आठवड्यांत ती संसर्गक्षम अळी बनते. तापमान १४ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की ही वाढ थांबते. डासातून न जाता मायक्रोफायलेरिया कधीच मोठी होत नाही. म्हणून आजारी कुत्र्याने दुसऱ्याला चाटलं, चावलं किंवा दोघे एका ताटलीत जेवले, तरी हा आजार पसरत नाही.

अळी नव्या कुत्र्याच्या कातडीखाली उतरली की तिची वाढ ठरलेल्या टप्प्यांनी होते. तीन ते बारा दिवसांत ती एकदा कात टाकते. पन्नास ते सत्तर दिवसांच्या दरम्यान पुन्हा एकदा टाकते आणि कोवळा कृमी बनून रक्तप्रवाहाकडे निघते. दंशानंतर सुमारे सत्तराव्या दिवसापासून हे कृमी फुप्फुसाच्या धमन्यांत पोहोचू लागतात, आणि सहा-सात महिन्यांनी मादी स्वतः मायक्रोफायलेरिया सोडू लागते. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन आणि सेलामेक्टिन ही चारही प्रतिबंधक औषधं यांतल्या पहिल्या टप्प्यांवरच खात्रीने काम करतात. पुढच्या टप्प्यातल्या कृमीवर त्यांचा परिणाम मंद आणि बेभरवशाचा होतो. थोडक्यात, या औषधांना महिन्या-दीड महिन्याचीच खिडकी मिळते, आणि ती एकदा बंद झाली की मासिक गोळीने परत उघडत नाही.

यातूनच प्रतिबंधक गोळीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज दूर होतो. ही गोळी लसीसारखी पुढच्या महिन्याचं संरक्षण करत नाही. ती मागे पाहते: गेल्या तीस दिवसांत ज्या अळ्या शिरल्या, त्यांना ती मारते. म्हणून १ ऑगस्टला दिलेली गोळी जुलैच्या डासांचा हिशेब चुकता करते, आणि पावसाळा संपला म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस औषध थांबवलं तर शेवटच्या दंशांचा हिशेब तसाच राहतो. एखादा महिना चुकला तर आठवण होताच गोळी द्यावी, पण ‘दिली ना, झालं’ म्हणून विसरू नये. त्या चुकलेल्या महिन्यातली अळी निसटली असेल तर ती चाचणीत सहा-सात महिन्यांनीच दिसेल. रोजच्या वापरातली चाचणी पूर्ण वाढलेल्या मादीने रक्तात सोडलेलं एक प्रथिन पकडते. दंशानंतर तीन महिन्यांनी केलेल्या चाचणीचा निर्दोष निकाल म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी वर्षभर प्रतिबंध आणि दरवर्षी चाचणी असा सल्ला देते, तो याच वेळापत्रकावर उभा आहे.

आता खिडकी बंद झाल्यानंतरचं बघू. प्रौढ कृमी मारणारं मान्यताप्राप्त औषध एकच आहे, मेलार्सोमिन. ते आर्सेनिकचं संयुग आहे आणि कमरेच्या स्नायूंत खोलवर टोचावं लागतं. आजच्या पद्धतीत निदान झाल्यावर आधी प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि चार आठवडे डॉक्सिसायक्लीन देतात. या कृमीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्याविना कृमी दुबळा होतो, आणि तो मरताना होणारी सूजही कमी होते. त्यानंतर महिनाभर थांबून, म्हणजे उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन महिन्यांनी, मेलार्सोमिनचं पहिलं इंजेक्शन देतात. महिन्याने लागोपाठ दोन दिवस आणखी दोन. अशा तीन इंजेक्शनांनी सुमारे ९८ टक्के प्रौढ कृमी मरतात, दोनच दिली तर साधारण ९० टक्के. खरा धोका मात्र कृमी मेल्यानंतर सुरू होतो. मेलेला कृमी शरीराबाहेर पडत नाही. त्याचे कुजून तुकडे होतात आणि ते फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. कुत्रा त्या वेळी पळाला, रक्ताचा वेग वाढला, की तुकडे आणखी पुढे सरकून वाहिनी बंद करतात. निदानापासूनच हालचाल कमी करायची आणि शेवटच्या इंजेक्शनानंतर सहा ते आठ आठवडे कुत्र्याला पट्ट्याला लावून फक्त शी-शूसाठी बाहेर न्यायचं, ही सक्ती त्यामुळेच आहे. कृमींनी हृदयात गर्दी करून रक्ताची वाटच अडवली, लघवी काळपट लाल झाली, तर मानेतल्या शिरेतून चिमट्याने कृमी ओढून काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

हे सगळं खरं असलं तरी पहिला आक्षेप रास्त आहे: हा आजार इथे आहे का? हार्टवर्मचं मोठं राज्य अमेरिकेत, विशेषतः मेक्सिकोच्या आखाताचा किनारा आणि मिसिसिपीचं खोरं इथे आहे. भारतात त्याच्या नोंदी प्रामुख्याने आसाम आणि मिझोरामसारख्या ईशान्येकडच्या राज्यांतून येतात. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ कुत्र्यांच्या रक्ताची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होत्या, पण सर्वाधिक सापडल्या त्या हार्टवर्मच्या नव्हेत, तर डायरोफायलेरिया रेपेन्स आणि अकॅन्थोकायलोनेमा रेकॉन्डिटम या त्याच्या दोन नातेवाइकांच्या. रेपेन्स कातडीखाली राहतो आणि तोही डासांतूनच येतो. रेकॉन्डिटम पिसवा आणि उवांतून येतो आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही. तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुत्र्याच्या डोक्यावर हार्टवर्मची तलवार लटकते आहे, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल.

पण ‘कमी आहे’ म्हणजे ‘येऊ शकत नाही’ असं नव्हे. हा आजार टिकायला तीन गोष्टी लागतात: डास, ऊब आणि रक्तात मायक्रोफायलेरिया असलेला कुत्रा. पहिल्या दोन आपल्याकडे भरपूर आहेत. हार्टवर्म वाहू शकणाऱ्या डासांत क्युलेक्स, एडिस आणि अ‍ॅनाफिलीस या तिन्ही कुळांतल्या जाती येतात. म्हणजे हत्तीरोग, डेंग्यू आणि मलेरिया पसरवणारी कुळंच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगाचा कृमी माणसांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, तो याच यंत्रणेवर. मुंबई, कोकण आणि गोव्यात हवेचं सरासरी तापमान वर्षभर १४ अंशांच्या वर असल्यामुळे डासातली वाढ थांबवणारा हिवाळाच नाही. उरते तिसरी गोष्ट, आणि ती आता गाडीतून आणि विमानातून येते. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरची हजारो कुत्री देशभर हलवली गेली. पुढे तपासलेल्या अशा कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात हार्टवर्मची खूण मिळाली. टेक्सास किंवा फ्लोरिडात काही वर्षं राहून पाळलेल्या कुत्र्यासह पुण्याला परतणारं कुटुंब, किंवा बदलीनिमित्त गुवाहाटीहून नाशिकला आलेलं कुटुंब, हे याच गोष्टीचं छोटं रूप आहे. पाच-सात वर्षं जगणारा कृमी पत्ता बदलला म्हणून मरत नाही.

आपल्याकडे चाचणीला इतकं महत्त्व का द्यायचं, हे आता स्पष्ट होईल. ताप आलेल्या कुत्र्याचं रक्त काचपट्टीवर घेतलं, त्यात वळवळणाऱ्या मायक्रोफायलेरिया दिसल्या आणि ‘हार्टवर्म’ असा शेरा पडला, तर तो चुकीचा असण्याची शक्यता अमेरिकेपेक्षा इथे कितीतरी अधिक आहे, कारण इथे हार्टवर्मचे ते दोन नातेवाईक जास्त फिरतात. अशा कुत्र्याला हृदयाच्या कृमीचे कडक उपचार देणं म्हणजे विनाकारण छळ. उलट बाजूही तितकीच खरी आहे. कृमी एकाच लिंगाचे असतील, कोवळे असतील किंवा कुत्रा आधीपासून मासिक औषधावर असेल, तर हार्टवर्म असूनही रक्तात मायक्रोफायलेरिया दिसत नाहीत. म्हणून काचपट्टी एकटी पुरत नाही. मादीचं प्रथिन शोधणारी कार्ड-चाचणी आणि रक्त फॉर्मॅलिनमध्ये मिसळून, यंत्रात गरगर फिरवून मायक्रोफायलेरिया ओळखणारी नॉट पद्धत, या दोन्ही मिळून चित्र पूर्ण होतं. इथे खर्चाचा आक्षेप येईल. पण गोचीड ताप आपल्याकडे इतका सर्रास आढळतो की त्यासाठी कुत्र्याचं रक्त तसंही तपासलं जातं, आणि बाजारातल्या काही कार्डांवर एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि हार्टवर्म एकाच थेंबात तपासले जातात. चाचणीसाठी वेगळी फेरी मारायची नसते. आधीच होणाऱ्या फेरीत योग्य कार्ड मागायचं असतं.

‘चाचणी कशाला, गोळी निरुपद्रवी आहे, सरळ देऊन टाकू’ असं सुचवणाऱ्यांना उत्तर द्यायला हवं, कारण ते वरवर व्यवहारी वाटतं. रक्तात मायक्रोफायलेरिया भरपूर असताना काही औषधं त्यांना एकदम मारतात, आणि मेलेल्या हजारो पिल्लांच्या प्रथिनांमुळे कुत्र्याला शॉक येऊ शकतो. मिल्बेमायसिनच्या बाबतीत ही खबरदारी घ्यावी लागते. डायइथिलकार्बामाझिनच्या, म्हणजे हत्तीरोग मोहिमेत घरोघरी वाटल्या जाणाऱ्या डीईसीच्या बाबतीत तर ती जीवनमरणाची बाब आहे. मासिक गोळ्या येण्यापूर्वी अमेरिकेत हेच औषध कुत्र्यांना रोज देत, पण रक्त निर्दोष असल्याची खात्री करूनच. मोहिमेतून घरी उरलेली हत्तीरोगाची गोळी कुत्र्याला देण्याचा मोह म्हणूनच आवरला पाहिजे. शिवाय न तपासता गोळी सुरू केली की आधीच बसलेले प्रौढ कृमी आतल्या आत फुप्फुसाचं नुकसान करत राहतात, आणि मालक निर्धास्त असतो. अपवाद एकच: सात महिन्यांहून लहान पिल्लात चाचणीला सापडण्याजोगा कृमी असूच शकत नाही. त्याला औषध आधी सुरू करून सातव्या महिन्यानंतर तपासायचं.

दुसरी सूचना स्वस्ताईची असते: जनावरांसाठी मिळणाऱ्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला का देऊ नये? औषध तेच आहे, हे खरं. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूपासून ते आलं, विल्यम कॅम्पबेल यांच्या संशोधनाने ते औषध बनलं, आणि या कामासाठी दोघांना २०१५ चं नोबेल मिळालं. अडचण मोजमापाची आहे. गाई-म्हशींसाठीच्या एक टक्क्याच्या द्रावणात एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. दहा किलोच्या कुत्र्याला हार्टवर्म टाळायला लागतं ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे या द्रावणाचा ०.००६ मिलिलिटर, एका थेंबाचा जेमतेम आठवा भाग. हे कुठल्याच नेहमीच्या सिरिंजने मोजता येत नाही. मोजताना चूक होते ती जास्तीच्याच बाजूला, आणि ती सगळ्या कुत्र्यांना सारखी परवडत नाही. कोली जातीच्या बहुतेक कुत्र्यांत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एमडीआर-१ नावाच्या जनुकात बिघाड असतो. या जनुकामुळे बनणारा पंप औषध मेंदूबाहेर ठेवतो. तो नसला की खरजेसाठी दिलेली मोठी मात्रा मेंदूत साचून कुत्रा कोमात जाऊ शकतो. हार्टवर्मच्या गोळीतली नेमकी मात्रा मात्र कोलीलाही सुरक्षित आहे. इथे पैसे मोजायचे ते औषधाचे कमी आणि मापाचे जास्त.

घरगुती आक्षेपही आहेत. कुत्रा घरातच असतो, अंगावर दाट केस आहेत, संध्याकाळी धूप घालतो, जंताचं औषध तर तीन महिन्यांनी देतोच. डासाला केसांची अडचण नाही. नाक, कान आणि पोटाकडची उघडी कातडी त्याला पुरते, आणि खिडकी त्याच्यासाठीही उघडीच असते. साठलेलं पाणी काढणं, जाळी बसवणं, डास दूर ठेवणारा पट्टा बांधणं हे सगळं उपयोगी आहे, पण औषधाची जागा घेणारं नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनची उत्पादनं टाळावीत, कारण ते मांजराला विषारी आहे. लसूण किंवा कडुनिंबाने रक्तातली अळी मरते याला आधार नाही, आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना अपायच करतो. नेहमीच्या जंताच्या गोळीतली प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल ही औषधं आतड्यातल्या जंतांसाठी आहेत. हार्टवर्म टाळण्याचं काम ती करत नाहीत. वार्षिक लसीचाही याच्याशी संबंध नाही. लसीकरणाचं कार्ड पूर्ण भरलेलं असूनही कुत्रा हार्टवर्मपासून पूर्णपणे असुरक्षित असू शकतो.

सर्वांत गंभीर आक्षेप औषध-प्रतिकाराचा आहे. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात या औषधांना न जुमानणारे हार्टवर्म आढळले आहेत, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. मग औषध जितकं जास्त, तितका प्रतिकार जास्त, असं नाही का? या युक्तिवादात तथ्य आहे, पण त्याचं बोट प्रतिबंधाकडे नसून अर्धवट उपचाराकडे जातं. प्रौढ कृमी आणि रक्तातल्या लाखो मायक्रोफायलेरिया असताना तेच मासिक औषध वर्षानुवर्षं देत राहिलं, तर त्यांतली टिकाव धरणारी पिल्लं डासांपर्यंत पोहोचतात. मेलार्सोमिन टाळून केवळ मासिक औषधाने हळूहळू कृमी मारण्याच्या पद्धतीवर अमेरिकन हार्टवर्म सोसायटीचा आक्षेप आहे, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं की तोवर फुप्फुसाची हानी चालूच राहते. भारतात मेलार्सोमिन सहज मिळत नसल्यामुळे इथल्या पशुवैद्यांना अनेकदा डॉक्सिसायक्लीन आणि मॉक्सिडेक्टिन यांच्या जोडीवर भिस्त ठेवावी लागते. ती नाइलाजाची पद्धत आहे, वाईट नाही; पण ज्या देशात उत्तम उपचार मिळवणं अवघड आहे, त्या देशात आजार टाळण्याची किंमत दुप्पट होते. आणि औषध बसलेल्या कृमींवर वाया घालवायचं नसेल, तर आधी ते आहेत का हे तपासावंच लागतं.

म्हणजे करायचं काय, हे फार गुंतागुंतीचं नाही. सात महिन्यांहून मोठ्या कुत्र्याची एकदा प्रथिनाची आणि मायक्रोफायलेरियाची चाचणी करून घ्यायची. तो ईशान्येतून, परदेशातून किंवा इतिहास ठाऊक नसलेल्या ठिकाणाहून आला असेल, तर सहा-सात महिन्यांनी पुन्हा करायची. निकाल निर्दोष असेल तर वजनानुसार मासिक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने, बारा महिने, आणि वर्षाला एक चाचणी. पिसवांचाही त्रास असेल तर मानेवर टाकायचं सेलामेक्टिन दोन्ही कामं करतं. आजाराची नोंद कमी असलेल्या भागात घराबाहेर फारसं न जाणाऱ्या कुत्र्याला वर्षभर औषध द्यायचं की फक्त तपासत राहायचं, यावर पशुवैद्यांत प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. चाचणी करायची की नाही, यावर मात्र होऊ नये. खोकला, लवकर दमणं, वजन घटणं ही लक्षणं दिसतात तोवर खिडकी केव्हाच बंद झालेली असते. आणि ‘आपल्याकडे हार्टवर्म नाही’ हे वाक्य खरं आहे की नाही, हेही पुरेशी कुत्री तपासली गेली तरच कळणार आहे. तोवर त्या वाक्याच्या भरवशावर कुठल्याही कुत्र्याचं फुप्फुस पणाला लावण्याचं कारण नाही.